कागदावरची उत्तर

माझा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. तीस वर्षे झाली, लोकांची घरे कागदावर बांधतो आहे. खिडकी कुठे असावी, जिना कुठून चढावा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उजेड कोणत्या बाजूने यावा, याबद्दल मी लोकांना न विचारताही सल्ले देत आलो आहे. पण आज जी हकीकत सांगणार आहे ती आमच्या स्वतःच्या घराची आहे, आणि त्यात माझ्याकडून जी चूक झाली ती इतकी साधी आहे, की सांगताना अजूनही कानांच्या पाळ्या तापतात. उत्तर दिशा कुठे आहे हे मी पाहिले नाही. बस्स, एवढेच!

वाचक हसतील. म्हणतील, उत्तरेत काय पाहायचे? शाळेत शिकवलेलेच असते, की सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, डाव्या हाताला उत्तर. अगदी बरोबर. पण हल्लीचा आर्किटेक्ट सूर्याकडे तोंड करून उभा राहत नाही. तो संगणकाकडे तोंड करून बसतो. आणि संगणकाच्या पडद्यावर सूर्य आपणहून उगवत नाही. त्याला कुठे उगवायचे ते सांगावे लागते. मी सांगितले नाही, आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे उगवून घेतले.

आईचे मागणे

आमचे बिऱ्हाड पूर्वी पुण्याच्या पेठेतल्या एका वाड्यात होते. वाड्याला मधोमध चौक होता आणि थंडीच्या दिवसांत सकाळी आठ-साडेआठला त्या चौकाच्या एका कोपऱ्यात उन्हाचा तुकडा उतरे. आई तिथे पाट टाकून बसायची. भाजी निवडणे, गहू पाखडणे, नातवंडांना तेल लावणे, सगळे त्या उन्हाच्या तुकड्यात. ऊन सरके तसा तिचा पाटही सरके.

पुढे वाडा पाडायचा ठरला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या ब्लॉकमध्ये आलो. तोवर आईला संधिवाताने धरले होते. गुडघे सकाळी उघडायला तयार नसत. ब्लॉकमध्ये ऊन यायचे, पण दुपारचे, आणि तेही शेजारच्या इमारतीच्या काचांवरून उसने आलेले. शेवटी वडिलांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेऊन ठेवलेला गावाबाहेरचा प्लॉट बाहेर काढला. २०१६ साली आम्ही घर बांधायला घेतले.

घर म्हटले की प्रत्येकाच्या मागण्या. सौभाग्यवतींना कोठीची खोली हवी होती, मुलीला पुस्तकांची भिंत. आईला विचारले तर ती म्हणाली, “मला काही मोठी खोली नको रे. थंडीत सकाळचं ऊन पलंगापर्यंत येऊ दे, म्हणजे झालं. वाड्यात यायचं ना, तसं.”

तीस वर्षांच्या धंद्यात इतके सोपे गिऱ्हाईक मला भेटले नव्हते.

सरळ कागद, तिरपा प्लॉट

आमचा प्लॉट आहे तिरपा. तिरपा म्हणजे त्याच्या बाजू वाकड्यातिकड्या आहेत असे नव्हे. तो चांगला काटकोनी आहे. पण त्याच्या पुढचा रस्ता जुन्या ओढ्याच्या कडेकडेने गेलेला, आणि ओढ्याला दिशांची फिकीर नसते. रस्ता जसा वळला तसे प्लॉट पडले. त्यामुळे प्लॉटची एकही बाजू धड उत्तर-दक्षिण नाही की पूर्व-पश्चिम नाही.

आता असे तिरपे घर कागदावर तिरपेच काढायचे म्हटले तर मोठी पंचाईत. प्रत्येक भिंत आडवीतिडवी, प्रत्येक माप तिरके, वाचणाऱ्याची मान मोडायची. म्हणून आमच्या धंद्यात एक सोयीची रीत आहे. घर कागदाच्या कडेशी समांतर, सरळ काढायचे आणि कागदाची वरची बाजू ही कामापुरती ‘उत्तर’ मानायची. ‘उत्तरेची भिंत’ म्हटले की गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांना वरची भिंत कळते. इंग्रजीत हिला ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ म्हणतात. आपण तिला कामाची उत्तर म्हणू. पृथ्वीच्या ध्रुवाकडे जाणारी जी खरीखुरी उत्तर, ती ‘ट्रू नॉर्थ’.

ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरच्या काळातही हे होतेच. तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात खऱ्या उत्तरेचा बाण काढत आणि सगळे जण त्याच्याकडे पाहत. कारण कागदावर ऊन पडत नसे. उन्हाचा विचार डोक्यात करावा लागे, आणि त्यासाठी बाण पाहणे भाग होते. आता संगणकाच्या पडद्यावर घर उभे राहते, भिंती वाढतात, छप्पर चढते, आणि तारीख-वेळ घातली की उन्हाचे कवडसेसुद्धा पडतात. पडद्यावर ऊन दिसू लागले आणि मी बाणाकडे पाहणे सोडले.

मोजणीवाल्याने दिलेल्या नकाशात बाण होता. नीट, उजवीकडे चाळीस अंश कललेला. नकाशा सरळ करून घेताना मी तो पाहिलाही होता. पण त्या नकाशात झाडे, विजेचे खांब, उंचीचे आकडे अशी बरीच गर्दी होती; ती नको म्हणून मी तो थरच्या थर झाकून टाकला. त्याबरोबर बाणही गेला. आमच्या ऑफिसच्या छापील चौकटीत एक छानसा नक्षीदार बाण आधीपासूनच असतो. तो सरळ वर पाहत होता.

ऑफिसात त्या वर्षी एक मुलगी शिकाऊ म्हणून येत असे. कामाला चोख. तिने विचारले, “सर, नॉर्थ काय ठेवू?”

मी दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, “वर. नेहमीसारखी.”

तिने ‘वर’ ठेवली.

पडद्यावरचे ऊन

एका रविवारी मी लॅपटॉप घरी आणला आणि सगळ्यांना घर दाखवले. आईची खोली खालच्या मजल्यावर, नकाशाच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यात. उजवीकडच्या, म्हणजे ‘पूर्वेच्या’, भिंतीला मोठी खिडकी. खालच्या, म्हणजे ‘दक्षिणेच्या’, भिंतीला कपाट. दक्षिणेचे ऊन नको म्हणून ती भिंत सबंध बंद. मी तारीख घातली २१ डिसेंबर, वेळ सकाळचे साडेआठ. खिडकीतून उन्हाचा पिवळा पट्टा आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन थांबला.

आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. पडद्याला बोट लावून म्हणाली, “आलं बघ ऊन.”

त्या दिवशी सौ.चे मामा आलेले होते. मामांना वास्तुशास्त्राचा नाद. ते म्हणाले, “सगळं छान आहे, पण उत्तर नीट पाहिलीस ना रे?” मी मनातल्या मनात हसलो. म्हटले, आता हे ईशान्येचा देव आणि आग्नेयेची चूल काढणार. म्हणालो, “मामा, यात सगळं असतं.” आणि लॅपटॉप मिटला.

डिसेंबरची सकाळ

पाया, कॉलम, स्लॅब, विटा अशा क्रमाने वर्ष सरले. डिसेंबरात गिलावा सुरू होता. एके दिवशी मनात आले, आज सकाळी लवकर जाऊन आईच्या खोलीतले ऊन पाहून यावे. आठ वाजता साइटवर पोचलो. खोलीत शिरलो तर खोली गार. ऊन नाही. खिडकीच्या एका कडेला, भिंतीच्या जाडीवर, चार बोटे उन्हाची रेघ घासून गेलेली, आणि आत अंधूक सावली. म्हटले, थोडा वेळ थांबावे. साडेआठ झाले, नऊ झाले. रेघ वाढायच्या ऐवजी बारीक होत गेली.

मी बाहेर आलो आणि घराला वळसा घातला. ‘दक्षिणेच्या’ बंद भिंतीपाशी वॉचमनची बायको तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन तेल चोळत बसली होती. भिंत उन्हाने भरून गेली होती. तिच्या शेजारी वाळत घातलेली दुपटी, एक मांजर आणि तिची म्हातारी सासू, सगळी मंडळी ओळीने त्या भिंतीला पाठ लावून बसलेली.

मी विचारले, “इथेच का बसलात?”

ती लाजून उठायला लागली. म्हणाली, “सायेब, सकाळचं ऊन इकडंच असतंय की. तिकडं खिडकीपाशी नसतंय.”

जे मला संगणकाने सांगितले नाही ते त्या बाईने आठ दिवसांत बूड टेकून शोधून काढले होते.

चाळीस अंश

ऑफिसात येऊन मी मोजणीचा तो झाकलेला थर उघडला. कललेला बाण दिसला. उपग्रहाच्या नकाशावर आमचा प्लॉट शोधून काढला. त्या नकाशात वर म्हणजे खरी उत्तर असते. कोन मोजला. चाळीस अंश!

आता त्याचा अर्थ काय झाला ते सांगतो. नकाशात जिला आम्ही उत्तर म्हणत होतो ती प्रत्यक्षात जवळजवळ वायव्य होती. पूर्व म्हणत होतो ती ईशान्य, आणि दक्षिण म्हणत होतो ती आग्नेय. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही. सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे सरकून. म्हणजे आईची ईशान्येकडे तोंड केलेली खिडकी थंडीभर उन्हाकडे कानाडोळा करणार, आणि मे-जूनमध्ये मात्र सकाळी सहापासून सूर्य थेट तिच्यातून आत शिरणार! जे ऊन हवे ते भिंतीबाहेर, जे नको ते पलंगावर. आणि थंडीचे ऊन ज्या भिंतीवर साडेसातपासून जवळजवळ दुपारपर्यंत खेळत राहते, तिथे मी कपाट योजले होते.

प्रोग्रॅमची यात काडीची चूक नव्हती. आम्ही वापरतो त्या रेव्हिटमध्ये कामाची उत्तर आणि खरी उत्तर या दोन वेगळ्या ठेवायची सोय आहे. मात्र नवे काम उघडले की सुरुवातीला दोन्ही एकावर एक असतात. उन्हाचे गणित तो नेहमी खऱ्या उत्तरेवरूनच करतो. पण ती कुठे आहे हे तुम्ही सांगितलेच नाही, तर वरची बाजू हीच खरी उत्तर असे धरून चालतो. बिचारा दुसरे काय करणार?

ते कसे सांगायचे याची कृती पाकक्रियेइतकीच सोपी आहे. आधी गावाचे ठिकाण द्यावे, म्हणजे अक्षांश-रेखांश बरोबर होतात. मग जागेचा नकाशा उघडावा. त्याच्या गुणधर्मांच्या यादीत ‘ओरिएंटेशन’ अशी एक ओळ असते. तिथे ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ लिहिलेले असेल ते बदलून ‘ट्रू नॉर्थ’ करावे. नंतर ‘मॅनेज’ या पाटीखाली ‘पोझिशन’, आणि त्यात ‘रोटेट ट्रू नॉर्थ’ ही आज्ञा. कोन द्यावा. तेवढ्या एका पानावर घर तिरपे झालेले दिसते, जसे ते जमिनीवर खरोखर आहे तसे. बाकीची सगळी पाने जशीच्या तशी सरळ राहतात. म्हणजे घर हलतच नाही. त्याच्याभोवतीच्या दिशा तेवढ्या जागेवर येतात.

दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. शेजारीच ‘रोटेट प्रोजेक्ट नॉर्थ’ अशी जुळ्या बहिणीसारखी दिसणारी आज्ञा आहे. ती चुकून दिली तर अख्खे घरच फिरते. दुसरे म्हणजे, कोन चाळीस हे बरोबर, पण पूर्वेकडे की पश्चिमेकडे? बाजू चुकली की चुकीची दुरुस्ती होत नाही, ती वाढते: चाळीसची चूक ऐंशीवर जाते. म्हणून कोन घातल्यावर ताळा पाहावा. सकाळी आठची वेळ देऊन सावली कुठे पडते ते पाहावे आणि ती प्रत्यक्ष जागेवरच्या सावलीशी जुळते का हे ताडावे. हिशेब लिहिणारा जसा शेवटी पुन्हा बेरीज करतो, तसे.

त्या संध्याकाळी मी खरी उत्तर घातली आणि पुन्हा २१ डिसेंबर, साडेआठ वाजताचे ऊन पाडले. आईची खोली पडद्यावरही काळोखी झाली. वॉचमनच्या बायकोची भिंत उजळली.

दोन उत्तर दिशांची गावे

चूक सापडली की माणूस पुस्तके चाळू लागतो. मीही चाळली. तेव्हा कळले की दोन उत्तर दिशा बाळगणे ही काही संगणकाची नवलाई नाही. गावेच्या गावे तशी बाळगून आहेत.

जयपूरचे पाहा. सवाई जयसिंगाने १७२७ साली वसवलेले हे शहर, चौकटीत आखलेले रस्ते. पण ती चौकट खऱ्या दिशांना धरून नाही. सुमारे १५ अंश फिरलेली आहे. आणि त्याच शहरात त्याच राजाचे जंतरमंतर! तिथले सम्राट यंत्र सुमारे ९० फूट उंच, आणि त्याची उतरती कड बरोबर ध्रुवाकडे रोखलेली. तिथे मिनिटाचाही फरक चालत नाही. गाव कामाच्या उत्तरेवर, वेधशाळा खऱ्या उत्तरेवर. आणि राजाला दोन्ही ठाऊक होत्या.

न्यूयॉर्कला ज्यांची मुले असतात त्यांना मॅनहॅटनचे रस्ते परिचयाचे असतील. १८११ च्या आराखड्याप्रमाणे आखलेले हे रस्ते खऱ्या उत्तरेपासून २९ अंश कललेले आहेत. तिथली माणसे मात्र वरच्या बाजूला खुशाल उत्तर म्हणतात. म्हणूनच मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला, वर्षातून दोनदा, मावळता सूर्य आडव्या रस्त्यांच्या बरोबर टोकाशी येतो आणि लोक ते पाहायला रस्त्यात गर्दी करतात. रस्ते खरोखर पूर्व-पश्चिम असते, तर हा सोहळा मार्च आणि सप्टेंबरमध्ये झाला असता.

पण इतके लांब तरी कशाला जावे? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपल्याला ठाऊक आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण गाभाऱ्यात जातात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. मोजून पाहिले तर या दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून सारख्याच अंतरावर आहेत. एक एक्केचाळीस दिवस आधी, दुसरी बेचाळीस दिवस नंतर. त्या दिवशी सूर्य बरोबर पश्चिमेला नव्हे, तर सुमारे १८ अंश दक्षिणेकडे कलून मावळतो. किरणांच्या वाटेवरच्या इमारतींच्या अडथळ्यांची चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी मोकळी ठेवलेली वाट, आणि ती बुजवायला आपल्याला चार मजले पुरतात!

या कारागिरांजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ काठी होती. शुल्बसूत्रांत सांगितलेली शंकूची रीत अशी: सपाट जमिनीवर काठी उभी रोवावी आणि काठीच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावली लांब असते. ती आखडत येते आणि तिचे टोक एका क्षणी वर्तुळाला शिवते. तिथे खूण करावी. दुपारी सावली पुन्हा लांबत जाऊन दुसऱ्या बाजूला वर्तुळाला शिवते. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. घर बांधायच्या आधी दिशा साधायची, मग दोरी धरायची, असा क्रम. मामांच्या शास्त्रातले सगळे मला पटत नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न बरोबर होता आणि मी तो हसण्यावारी नेला, हे कबूल केले पाहिजे.

होकायंत्राचे लहरी वागणे

कुणी म्हणेल, मग होकायंत्र का नाही ठेवले? आता तर प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असते. त्याचीही गंमत सांगतो. वास्तुशांतीच्या आधी मामा आले आणि त्यांनी, मी आणि मुलीने आपापले फोन काढून हॉलमध्ये उत्तर पाहिली. तीन फोन, तीन उत्तर दिशा! एक जण लोखंडी ग्रिलजवळ होता, एक कपाटाजवळ, आणि पायाखालच्या स्लॅबमध्ये सळया होत्याच. चुंबकाची सुई ध्रुवाला मानते, पण जवळच्या लोखंडाला त्याहून अधिक मानते.

याची काळजी पूर्वी किती घेत, याचे उदाहरण आपल्या अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या बांधकामासाठी चुंबकाला न ओढणारा पोरबंदरचा दगड वापरला. काही काळ दोन्हीकडे बरोबरीने मोजणी करून मगच कुलाब्याची थांबवली. ट्राम यायच्या आधी! नाहीतर आम्ही: सळयांच्या जाळ्यावर उभे राहून फोन फिरवणारे.

शिवाय सुई दाखवते ती उत्तर खऱ्या उत्तरेहून थोडी निराळी असते. मुंबई-पुण्याकडे हा फरक एका अंशाच्याही आत आहे, तेव्हा आपल्याला त्याची झळ लागत नाही. पण सिॲटलला तो सुमारे १५ अंश पूर्वेकडे आणि न्यूयॉर्कला सुमारे १३ अंश पश्चिमेकडे आहे. तिकडे घर बांधणाऱ्या मुलांना हे अवश्य कळवावे. माझ्यापुरते सांगायचे तर, हा एका अंशाचा फरक मला तोंडपाठ होता. विसरलो ते चाळीस अंश.

भिंत फोडली

चूक कळली त्या रात्री मी घरी ती सांगितली. आधी सौ.ला. ती एवढेच म्हणाली, “अहो, मग आता?” तिने जर चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. आईला सांगायला मात्र दोन दिवस लागले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या मुलीला बोललास का काही?”

म्हटले, “नाही. तिने विचारलं होतं. मीच चुकीचं सांगितलं.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली. “भिंत काय, फोडता येते.”

आणि खरोखरच ती फोडता आली. आमचे घर काँक्रीटच्या सांगाड्याचे. भार कॉलम-बीमवर, मधल्या भिंती नुसत्या विटांच्या. कपाटाच्या भिंतीत पाच फूट रुंदीची जागा तोडली, वर लिंटेल घातले आणि खिडकी बसवली. खिडकीची कड पलंगाच्या उंचीशी राहील अशी खाली घेतली. कपाट समोरच्या भिंतीला गेले. ईशान्येची खिडकी वारा खेळावा म्हणून ठेवली, पण तिच्यापुढे मांडव घालून मधुमालती चढवली, म्हणजे उन्हाळ्याची सकाळ पानांतून गाळून येते. तोडफोड, नवी चौकट, पुन्हा गिलावा, असा खर्च झाला आणि काम तीन आठवडे लांबले. गच्चीवरचे पाणी तापवायचे सौर यंत्रही भिंतीशी समांतर बसवणार होते. ते खऱ्या दक्षिणेकडे वळवून घेतले. आजही पाहुणे विचारतात, हे असे वाकडे का बसवले? त्यांना सांगावे लागते, की तेवढे एकच सरळ आहे, बाकीचे घर तिरपे आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही राहायला आलो. पहिल्या थंडीत एका सकाळी आईची हाक ऐकू आली म्हणून घाबरून खोलीत गेलो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. ऊन तिच्या गुडघ्यांवर आले होते. “काही नाही,” म्हणाली. “तुला दाखवायला बोलावलं.”

या घरात तिला सहा हिवाळे मिळाले. २०२३ च्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या खोलीत आता मी सकाळी चहा घेतो. नव्या मुलांना ऑफिसात पहिल्या दिवशी एकच काम देतो: साइटवर जा, काठी रोवा, सावली पाहा आणि मगच संगणक उघडा.

वाचकांनाही या सुट्टीत करून पाहण्यासारखा एक खेळ सांगतो. त्याला काही खर्च नाही. गच्चीत किंवा अंगणात आकाशकंदिलाच्या दोरीला ओळंबा बांधा. ओळंबा नसला तर कुलूप चालेल. दोरी हलू देऊ नका. दिवाळीच्या दिवसांत पुण्यात सूर्य बरोबर माथ्यावरच्या रेषेत येतो तो बाराला नव्हे, तर बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. मुंबईत त्यानंतर चार मिनिटांनी. त्या क्षणी दोरीची सावली जमिनीवर जी रेष काढते ती खरी उत्तर-दक्षिण. तिला होकायंत्र लागत नाही, लोखंड तिला फसवत नाही.

आमच्याकडे दर दिवाळीला हा कार्यक्रम होतो. नातू घड्याळ धरतो, मी दोरी धरतो आणि सौ. त्या सावलीवर रांगोळीची रेघ ओढते. फरशीच्या सांध्यांशी ती रेघ तिरपी जाते. नातवाने पहिल्या वर्षी विचारले होते, “आजोबा, रेघ वाकडी आली का?” मी म्हटले, “नाही रे, रेघ बरोबर आहे.” मग त्याला पणजीच्या खिडकीची ही सगळी गोष्ट सांगितली.